कॅन, मस्ट, शुड आणि त्यांच्या शेजारचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाचता येतं, समजतंही, पण लिहायला किंवा बोलायला गेलं की कोणता शब्द कुठे ठेवायचा इथे गाडी अडते, अशा मराठी वाचकांसाठी हे पान आहे. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलो आणि आता बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गात नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवतो. खालचे प्रश्न त्या वर्गात पुन्हापुन्हा आलेले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. शब्दांची जागा कानाला आधी कळते.

मोडल म्हणजे नेमकी कोणती क्रियापदं?

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही नऊ. मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन ती शक्यता, परवानगी, बंधन, अंदाज असं काही सांगतात. शाळेत यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. ‘शी’ किंवा ‘ही’ आलं तरी यांना एस लागत नाही. यांच्यानंतरचं क्रियापद मूळ रूपात राहतं, मध्ये ‘टू’ येत नाही. आणि दोन मोडल शेजारीशेजारी बसत नाहीत. म्हणून ‘ही कॅन्स’, ‘यू मस्ट टू गो’, ‘यू विल कॅन’ ही तिन्ही रूपं चूक. तिसऱ्या ठिकाणी ‘यू विल बी एबल टू’ म्हणावं लागतं. ‘ऑट टू’ हे यांचं दहावं भावंड समजा, फक्त त्याला ‘टू’ हवाच.

‘ऑल्वेज’, ‘प्रॉबॅब्ली’, ‘नेव्हर’ असे शब्द मोडलच्या आधी ठेवायचे की नंतर?

साधारणपणे मोडलच्या लगेच नंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी. ‘यू शुड ऑल्वेज लॉक द डोअर.’ ‘शी विल प्रॉबॅब्ली कॉल.’ ‘आय कॅन नेव्हर रिमेंबर हिज नेम.’

हे पाठ करण्यापेक्षा एक चित्र डोळ्यांसमोर ठेवा. मोडल आणि क्रियापद ही जुन्या पेठेतली दोन घरं आहेत आणि त्यांच्यामध्ये चिंचोळी बोळ आहे. एकटा माणूस त्यातून सहज जातो. सामानाने भरलेली हातगाडी जात नाही. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘ऑल्सो’, ‘स्टिल’, ‘ईझिली’ हे एकटे शब्द बोळातून जातात. ‘बिफोर मंडे’, ‘इन द ऑफिस’, ‘विथ माय ब्रदर’ या हातगाड्या आहेत. त्यांना बोळ टाळून वाक्याच्या शेवटी उभं राहावं लागतं.

मराठीतही अशी बोळ आहे, पण ती याहून अरुंद. ‘मी येऊ शकतो’ यातल्या ‘येऊ’ आणि ‘शकतो’ यांच्यामध्ये ‘उद्या’ शिरत नाही, ‘नेहमी’ शिरत नाही. शिरतात ते ‘च’ आणि ‘ही’ यांसारखे चिमुकले शब्द: ‘येऊच शकत नाही’, ‘येऊही शकतो’. आपण लहानपणापासून ‘नेहमी दार लावावं’ असं म्हणतो, म्हणजे क्रियाविशेषण क्रियापदांच्या सगळ्या जुळणीआधी ठेवतो. त्याच सवयीने ‘यू ऑल्वेज शुड लॉक’ तोंडातून निघतं. ते ऐकणाऱ्याला समजतं, पण त्यात नको तिथे जोर येतो.

मग ‘आय रिअली मस्ट गो’ हे बरोबर कसं?

तिथे जोर हवाच आहे म्हणून. क्रियाविशेषण मोडलच्या आधी आलं की मोडलवर आघात पडतो. ‘आय रिअली मस्ट गो’ म्हणजे ‘आता मला खरंच निघायला हवं’. यजमान तिसऱ्यांदा ‘बसा हो’ म्हणत असताना बोलायचं वाक्य. ‘आय नेव्हर कुड अंडरस्टँड दॅट मॅन’ म्हणजे ‘तो माणूस मला कधी म्हणजे कधी कळलाच नाही’. रोजच्या साध्या वाक्यात हा क्रम वापरला तर प्रत्येक वाक्य आवाज चढवून बोलल्यासारखं वाटतं.

नकार आला की मात्र ‘प्रॉबॅब्ली’ आणि ‘सर्टन्ली’ सरळ पुढे जाऊन बसतात. ‘ही विल प्रॉबॅब्ली कम’, पण ‘ही प्रॉबॅब्ली वोन्ट कम’. ‘ही वोन्ट प्रॉबॅब्ली कम’ असं इंग्रज माणूस सहसा म्हणत नाही. ‘स्टिल’चंही तसंच आहे: ‘शी कॅन स्टिल स्विम’, पण ‘शी स्टिल कान्ट स्विम’.

‘आय रिअली कान्ट से’ आणि ‘आय कान्ट रिअली से’ यांत फरक आहे का? शब्द तर तेच आहेत.

फरक आहे, आणि या साऱ्या विषयातली मला सर्वांत आवडती जागा हीच. नियम असा की नकार आपल्या उजवीकडच्या शब्दांवर चालतो. क्रियाविशेषण नकाराच्या डावीकडे असेल तर ते नकाराला बळ देतं. उजवीकडे असेल तर नकार त्यालाच कापतो.

‘आय रिअली कान्ट से’ म्हणजे ‘मला खरंच नाही सांगता येणार’. ‘रिअली’ने नकार पक्का केला. ‘आय कान्ट रिअली से’ म्हणजे ‘तसं ठामपणे नाही सांगता येत’. इथे ‘रिअली’च कापला गेला, म्हणून बोलणं मऊ झालं.

पैशाच्या आणि सहीच्या व्यवहारात हा फरक महाग पडतो. ‘आय सिम्प्ली कान्ट साइन धिस’ म्हणजे ‘मी यावर सही करूच शकत नाही’. विषय संपला. ‘आय कान्ट सिम्प्ली साइन धिस’ म्हणजे ‘मी यावर अशीच सही करू शकत नाही’. आधी वाचेन, विचारेन, मग कदाचित करेन. पहिल्या वाक्याने दार बंद होतं, दुसऱ्याने ते किलकिलं राहतं. ‘जस्ट’ही असंच वागतो: ‘आय जस्ट कान्ट लीव्ह’ म्हणजे ‘मला निघताच येत नाही’, तर ‘आय कान्ट जस्ट लीव्ह’ म्हणजे ‘मी असा उठून जाऊ शकत नाही’.

आपल्या ‘च’कडे पाहा. ‘करूच शकत नाही’ आणि ‘नुसतीच करू शकत नाही’ यांत ‘च’ ज्याला चिकटतो त्यावर अर्थ ठरतो. मराठीत जे काम चिकटणं करतं, ते इंग्रजीत जागा करते. हे एकदा मनात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

‘ऑल्वेज’चं एक उदाहरण जाता जाता. ‘यू कान्ट ऑल्वेज विन’ म्हणजे ‘दर वेळी जिंकता येत नाही’. ‘कधीच जिंकता येत नाही’ म्हणायचं असेल तर ‘यू कॅन नेव्हर विन’.

‘शी कॅन स्पीक फ्लुएन्टली इंग्लिश’ यात चूक काय?

इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा काही घालत नाहीत. ‘स्पीक इंग्लिश’ ही जोडी एकत्र राहते, ‘फ्लुएन्टली’ नंतर येतो: ‘शी कॅन स्पीक इंग्लिश फ्लुएन्टली’. आपण ‘इंग्रजी अस्खलित बोलते’ म्हणतो, म्हणजे कर्म आणि क्रियापदाच्या मध्येच क्रियाविशेषण ठेवतो. चूक तिथून येते. कसं केलं ते सांगणारे शब्द, म्हणजे स्लोली, केअरफुली, क्लिअरली, बहुधा शेवटी बरे दिसतात: ‘यू मस्ट रीड द नोटीस केअरफुली’. कर्मणी वाक्यात तेच बोळात येतात: ‘द नोटीस मस्ट बी केअरफुली रेड’. तिथे ते ‘बी’च्याही नंतर बसतात, हे लक्षात ठेवा.

‘यू मस्ट बिफोर मंडे सबमिट द फॉर्म’ असं का म्हणता येत नाही? मराठीत तर ‘तुम्ही सोमवारच्या आधी अर्ज द्यायला हवा’ म्हणतोच.

मराठी शब्द आपलं नातं अंगावर घेऊन फिरतो. ‘सोमवारच्या आधी’, ‘टेबलावर’, ‘भावाबरोबर’. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मागे चिकटलेलं असल्यामुळे तो शब्द वाक्यात कुठेही नेला तरी हरवत नाही. ‘भावाबरोबर उद्या मी येईन’, ‘उद्या मी भावाबरोबर येईन’, ‘मी उद्या येईन भावाबरोबर’, सगळं चालतं. इंग्रजीत प्रिपोझिशन, म्हणजे ‘बिफोर’, ‘इन’, ‘विथ’ असा शब्द, नामाच्या आधी येतं आणि अख्ख्या गटाची, म्हणजे प्रिपोझिशनल फ्रेजची, जागा ठरलेली असते. बोळीत ही हातगाडी घातली की मोडल एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला जातं, आणि ऐकणारा ‘मस्ट काय?’ म्हणून खोळंबतो.

सरळ वाक्यात क्रम असा ठेवा: मोडल, क्रियापद, कर्म, मग जागा, मग वेळ. ‘यू कॅन कलेक्ट युअर पासपोर्ट फ्रॉम द काउंटर आफ्टर थ्री ओ’क्लॉक.’ वेळेला महत्त्व द्यायचं असेल तर ती अगदी सुरुवातीला न्या: ‘आफ्टर थ्री ओ’क्लॉक, यू कॅन कलेक्ट युअर पासपोर्ट फ्रॉम द काउंटर.’ म्हणजे हातगाडीला पेठेची दोन्ही टोकं मोकळी आहेत.

काही छोट्या, घडीव जोड्या मात्र बोळातून सुटतात, कारण त्या आता एका शब्दासारख्याच झाल्या आहेत: ‘धिस वर्क कॅन ॲट टाइम्स बी टायरिंग’, ‘यू शुड ऑफ कोर्स आस्क हर’, ‘ही मे इन फॅक्ट बी राइट’. कारखान्याच्या पाटीवर ‘हेल्मेट्स मस्ट ॲट ऑल टाइम्स बी वॉर्न’ वाचलं असेल, तर तेही याच जातीचं. नवा गट स्वतःहून तिथे घालायचं धाडस करू नका.

शेवटी दोन-तीन प्रिपोझिशनल फ्रेज आल्या तर गोंधळ होत नाही का?

होतो. ‘वी कॅन डिस्कस द ॲक्सिडेंट ॲट द ऑफिस.’ अपघात ऑफिसात झाला की चर्चा ऑफिसात करायची? मराठीत ‘ऑफिसातल्या अपघाताबद्दल’ आणि ‘अपघाताबद्दल ऑफिसात’ असं लगेच वेगळं होतं. इंग्रजीत फ्रेज जवळच्या नामाला पकडून बसते. चर्चा ऑफिसात करायची असेल तर फ्रेज पुढे न्या: ‘ॲट द ऑफिस, वी कॅन डिस्कस द ॲक्सिडेंट.’

कायद्याच्या इंग्रजीत तर मोडलनंतर मोठमोठे गट मध्येच येतात. तिथे हे नियम नाहीत का?

आहेत, पण तिथे वाक्य लिहिणाऱ्याला कानापेक्षा नेमकेपणाची चिंता जास्त असते. ‘द कंपनी मे, ॲट एनी टाइम, कॅन्सल द अग्रीमेंट’ असं करारात दिसतं. फ्रेजच्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम म्हणजे हातगाडी तात्पुरती बोळात घेतल्याची खूण. बोलताना असं करू नये.

या बाबतीत भारताच्या संविधानाचा इंग्रजी मजकूर मी वर्गात नेहमी काढतो. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू असलेल्या त्या मजकुरात ‘शॅल’ हे मोडल पानोपानी आहे. तिथे ते भविष्यकाळ दाखवत नाही, बंधन घालतं.

अनुच्छेद १४ घ्या: ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॅलिटी बिफोर द लॉ ऑर द ईक्वल प्रोटेक्शन ऑफ द लॉज विदिन द टेरिटरी ऑफ इंडिया.’ वर सांगितलं की क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घालू नये. इथे ‘डिनाय’नंतर थेट ‘टू एनी पर्सन’ आलं आहे आणि कर्म त्यानंतर. कारण कर्म फार लांब आहे: कायद्यापुढची समानता किंवा कायद्याचं समान संरक्षण. ते आधी ठेवलं असतं तर ‘टू एनी पर्सन’ वाक्याच्या पार शेपटाला लटकलं असतं आणि हक्क कोणाला, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नसतं. इंग्रजीत जड कर्म मागे सरकतं आणि हलकी फ्रेज पुढे येते. लेखनात हे आपणही करू शकतो: ‘यू मस्ट एक्स्प्लेन टू द बँक ऑल द चेंजेस मेड इन द ॲड्रेस सिन्स लास्ट इयर.’

अनुच्छेद १५ च्या पहिल्या खंडात तर एका क्रियाविशेषणाची जागा पाहण्यासारखी आहे: ‘द स्टेट शॅल नॉट डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट एनी सिटिझन ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ रिलिजन, रेस, कास्ट, सेक्स, प्लेस ऑफ बर्थ ऑर एनी ऑफ देम.’ ‘ओन्ली’ प्रिपोझिशनल फ्रेजच्या आत, ‘ग्राउंड्स’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये बसवला आहे: केवळ याच कारणांवरून. आता तो ‘ओन्ली’ उचलून बोळात ठेवून बघा: ‘द स्टेट शॅल नॉट ओन्ली डिस्क्रिमिनेट…’ म्हणजे ‘राज्य नुसता भेदभावच करणार नाही, तर…’ अर्थ उलटा झाला. चार अक्षरी शब्द, जागा बदलली, आणि हमीची धमकी झाली. क्रियाविशेषणाची जागा हा बारीकसारीक मुद्दा आहे असं कुणी म्हणालं की मी हे वाक्य फळ्यावर लिहितो.

अनुच्छेद २१ मध्ये सगळं वजन शेवटच्या फ्रेजवर आहे: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ ‘शॅल’ हक्क देतो, ‘एक्सेप्ट’पासूनचा भाग अपवाद सांगतो. ‘प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ याचा अर्थ १९५० मध्ये गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अरुंद घेतला: कायद्याने ठरवलेली कोणतीही कार्यपद्धती पुरेशी. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात मात्र ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं ठरलं. माणसाचं स्वातंत्र्य त्या शेवटच्या चार शब्दांच्या वाचनावर तोललेलं होतं.

‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू ओपन धिस डोअर’ यात ‘शुड’ कर्त्याच्या आधी का आला? हा प्रश्न आहे का?

प्रश्न नाही. नकारार्थी किंवा ‘ओन्ली’ने सुरू होणारा गट वाक्याच्या तोंडाशी आला, आणि तो गट स्वतःच कर्ता नसेल, की मोडल उडी मारून कर्त्याच्या पुढे येतं. ‘नॉट टिल मंडे कॅन वी स्टार्ट.’ ‘ओन्ली आफ्टर द ऑडिट विल दे पे.’ होकारार्थी गटाने सुरुवात केली तर उडी नाही: ‘आफ्टर द ऑडिट, दे विल पे.’ ही रचना बोलण्यात कमी, सूचनाफलकावर आणि भाषणात जास्त.

‘पर्यंत’ला ‘बाय’ म्हणायचं की ‘टिल’?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी परगावच्या एका कार्यालयाला लिहिलं होतं, ‘आय विल सेंड द पेपर्स टिल फ्रायडे.’ माझ्या मनात ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ होतं. त्यांनी वाचलं ते असं, की शुक्रवार येईपर्यंत हा माणूस कागद पाठवत राहणार आहे. त्यांचा फोन आला, कागद एकूण किती हप्त्यांत येणार आहेत? मला तो फोन आजही आठवतो, कारण चूक इंग्रजीची वाटली तरी तिचं मूळ मराठीत होतं. आपला ‘पर्यंत’ दोन वेगळी कामं करतो.

एक काम मुदतीचं: उशिरात उशिरा शुक्रवारी. ते ‘बाय’. ‘यू मस्ट पे द बिल बाय फ्रायडे.’ दुसरं काम चालू राहण्याचं: शुक्रवार उजाडेस्तोवर तेच चाललेलं. ते ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. ‘यू कॅन स्टे हिअर टिल फ्रायडे.’ मनातल्या मनात ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. वाक्य जमलं तर ‘बाय’. ‘तोवर’ घातल्यावर जमलं तर ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत थांब’ यात ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांब’ होत नाही, म्हणजे ‘टिल’.

नकारात ‘टिल’ची गंमत आहे. ‘द शॉप वोन्ट ओपन टिल मंडे’ म्हणजे सोमवारी उघडेल, त्याआधी नाही.

जागेचा ‘पर्यंत’ तिसराच. ‘स्टेशनपर्यंत चालत जाता येतं’ याला ‘यू कॅन वॉक टू द स्टेशन’. ‘टिल स्टेशन’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण औपचारिक लेखनात टाळावं.

याच घरातली आणखी एक चूक: ‘द पार्सल विल अराइव्ह इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी येईल. ‘दोन दिवसांच्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. ‘इन’ दिसला की आपण ‘दिवसांत’ वाचतो आणि पार्सलची वाट एक दिवस आधीपासूनच बघू लागतो.

‘ही मस्ट ॲट होम’ चुकीचं का?

मोडलला क्रियापद हवंच, नुसती प्रिपोझिशनल फ्रेज पुरत नाही. ‘तो घरी असेल’ यातल्या ‘असेल’मध्ये असणं आणि अंदाज दोन्ही आहेत. इंग्रजीत ते दोन शब्द होतात: अंदाजाचा ‘मस्ट’ आणि असण्याचा ‘बी’. ‘ही मस्ट बी ॲट होम.’ ‘द कीज मे बी इन द ड्रॉवर.’ ‘यू शुड बी ऑन टाइम.’ हा ‘बी’ गाळण्याची चूक मी लिहिण्यापेक्षा बोलण्यात जास्त ऐकतो.

‘मे बी’ आणि ‘मेबी’ एकच ना?

नाही. देवनागरीत लिहिताना आपण जागा सोडतो की नाही, तोच फरक इंग्रजीतही आहे. सुटं ‘मे बी’ हे मोडल आणि क्रियापद: ‘ही मे बी इल’. जोडलेलं ‘मेबी’ हे क्रियाविशेषण, म्हणजे ‘कदाचित’, आणि ते बहुतेकदा वाक्याच्या सुरुवातीला येतं: ‘मेबी ही इज इल’. वाक्यातून काढून पाहा. ‘मेबी’ काढला तरी ‘ही इज इल’ उरतं. ‘मे बी’ काढलं तर ‘ही इल’ उरतं, म्हणजे वाक्य मोडतं.

‘ही माइट प्रॉबॅब्ली कम’ यात दोनदा शक्यता झाली का? ‘नक्की’ आणि ‘कदाचित’ इंग्रजीत कसे आणायचे?

‘तो गेला असेल.’ या मराठी वाक्याला इंग्रजीत एक उत्तर नाही. ‘कदाचित गेला असेल’ म्हटलं तर ‘ही मे हॅव गॉन’. ‘नक्की गेला असेल’ म्हटलं तर ‘ही मस्ट हॅव गॉन’. मराठीत क्रियापद तेच राहतं आणि खात्री किती हे ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘नक्की’ हे शब्द सांगतात. इंग्रजीत ते काम मोडल स्वतः करतं. आपण इंग्रजीत येताना ‘कदाचित’ सोबत आणतो आणि मोडलही घेतो, म्हणून दुप्पट होतं.

दुप्पट होणं नेहमीच चूक नाही, दोघांचं वजन जुळायला हवं. ‘कुड पॉसिब्ली’, ‘मस्ट सर्टन्ली’, ‘विल प्रॉबॅब्ली’ या जोड्या जुळतात. ‘माइट प्रॉबॅब्ली’ जुळत नाही, कारण ‘माइट’ म्हणतो ‘झालं तर झालं’ आणि ‘प्रॉबॅब्ली’ म्हणतो ‘बहुतेक होईलच’. ‘मे सर्टन्ली’ अंदाजाच्या अर्थाने तसंच विसंगत. परवानगीच्या अर्थाने मात्र उत्तम: ‘यू मे सर्टन्ली सिट हिअर’, म्हणजे ‘बसा की खुशाल’.

एकाच मोडलचा अर्थ वेळेच्या फ्रेजमुळे बदलतो, हे खरं का?

खरं आहे. ‘ही मस्ट बी ॲट हिज डेस्क बाय नाइन’ आणि ‘ही मस्ट बी ॲट हिज डेस्क बाय नाऊ.’ पहिलं वाक्य साहेबांचा नियम आहे: त्याने नऊपर्यंत जागेवर असायलाच हवं. दुसरं अंदाज आहे: एव्हाना तो जागेवर असेल. मोडल तेच, बदलला एकच शब्द. ‘कुड’चंही असंच: ‘माय ग्रँडफादर कुड वॉक थर्टी किलोमीटर्स इन दोज डेज’ ही जुन्या काळची ताकद, तर ‘वी कुड वॉक टुमॉरो’ ही उद्याची सूचना. म्हणून मोडलचा अर्थ विचारताना नुसतं मोडल दाखवू नका, अख्खं वाक्य दाखवा.

‘शुड हॅव ऑलरेडी’ की ‘शुड ऑलरेडी हॅव’?

दोन्ही चालतात. ‘द बस शुड ऑलरेडी हॅव लेफ्ट’ लेखनात थोडं अधिक नीटस दिसतं.

‘मे वेल’, ‘माइट ॲज वेल’ यांत ‘वेल’ म्हणजे ‘चांगलं’ का? आणि ‘वुड रादर’चं काय?

नाही, या घडीव जोड्या आहेत. ‘इट मे वेल रेन’ म्हणजे पाऊस पडण्याची बरीच शक्यता आहे. ‘वी माइट ॲज वेल वॉक’ म्हणजे ‘बस चुकलीच आहे, तर चालतच जाऊ’. ‘आय वुड रादर स्टे ॲट होम’ म्हणजे ‘त्यापेक्षा मी घरीच थांबेन’, आणि नकार असा: ‘आय वुड रादर नॉट गो’. ‘कुड हार्डली’ही यांतलाच: ‘आय कुड हार्डली हिअर यू’, तुझा आवाज जेमतेम येत होता. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच आहे, ‘कुडन्ट हार्डली’ करू नका.

‘तूही येऊ शकतोस’ आणि ‘तू येऊही शकतोस’, इंग्रजीत दोन्हीला ‘यू कॅन ऑल्सो कम’च का?

लिहिताना हो, आणि ही इंग्रजीची अडचण आहे. ‘यू कॅन ऑल्सो कम’ वाचून दोन्ही अर्थ निघतात. बोलताना ‘यू’वर किंवा ‘कम’वर जोर देऊन ते वेगळे करतात. ‘तूही’ हा अर्थ स्वच्छ हवा असेल तर ‘यू कॅन कम टू’ लिहा (हा ‘टू’ दोन ‘ओ’ असलेला). आपल्या ‘ही’ची सोय इंग्रजीत नाही.

विनंती करताना ‘प्लीज’ कुठे?

‘कुड यू प्लीज सेंड इट बाय टुमॉरो?’ म्हणजे प्रश्नात कर्त्याच्या नंतर, किंवा अगदी शेवटी. इतर क्रियाविशेषणंही प्रश्नात कर्त्याच्या नंतरच येतात: ‘कॅन यू ऑल्वेज रीच हिम ॲट नाइट?’

घरच्या घरी सराव कसा करू?

एक वाक्य घ्या आणि त्यात ‘ओन्ली’ फिरवा. ‘ओन्ली शी कॅन साइन द चेक ऑन मंडे’: सोमवारी चेकवर सही तीच करू शकते, दुसरं कुणी नाही. ‘शी कॅन ओन्ली साइन द चेक ऑन मंडे’: ती नुसती सही करू शकते, वटवू शकत नाही, मात्र बोलताना लोक याच क्रमाने ‘फक्त सोमवारीच’ असंही म्हणतात, तेव्हा जोर ऐकावा लागतो. ‘शी कॅन साइन ओन्ली द चेक ऑन मंडे’: फक्त चेकवर, इतर कागदांवर नाही. ‘शी कॅन साइन द चेक ओन्ली ऑन मंडे’: सोमवारीच, इतर दिवशी नाही. प्रत्येक वाक्याचं मराठी लिहा आणि ‘च’ किंवा ‘फक्त’ कुठे बसला ते अधोरेखित करा. मग ‘ओन्ली’च्या जागी ‘ईव्हन’ घालून, ‘सुद्धा’ वापरून तीच चार वाक्यं पुन्हा लिहून बघा.